आधी चित्र, मग चित्रफीत

(संडेस्कूलचे शिक्षक व तरुण संघाचे पुढारी यांच्यासाठी अभ्यासपाठ)

वाचनभाग : लूक १५:११-३२, निर्गम २०:४-५ व ३१:१-५, उत्पत्ती २४:६१-६७

पाठाचा हेतू : लहान शैक्षणिक चित्रफितींच्या साह्याने मुलांना चित्रे व चित्रकार यांची ओळख कशी करून द्यावी, आणि ती करून देताना मुलांचे पाहणे आपणच कसे बंद पाडतो, हे समजून घेणे.



काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. तरुण संघाच्या मुलांपुढे उधळ्या पुत्राचा दृष्टांत घ्यावयाचा होता. हा दृष्टांत आम्ही पंधरा वर्षे शिकवीत आलो आहोत आणि मुलेही तो पंधरा वर्षे ऐकत आली आहेत. सुरुवात केली की शेवट त्यांच्या तोंडावर असतो. म्हणून या खेपेस काही नवे करावे असे मनात आले. रेम्ब्रांट या डच चित्रकाराने याच दृष्टांतावर काढलेले चित्र जगप्रसिद्ध आहे. त्याच्यावर पंचेचाळीस मिनिटांची एक इंग्रजी चित्रफीत मिळाली. प्रोजेक्टर मागून आणला, दिवे मालवले, भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि आम्ही समाधानाने मागे जाऊन बसलो.

दहाव्या मिनिटाला मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. पंधराव्या मिनिटाला एकाने आपला मोबाईल उघडला. चित्रफितीत निवेदक गृहस्थ भरभर बोलत होते, कालवे आणि जुनी घरे येत-जात होती, वाद्ये वाजत होती. चित्र मात्र एकेका वेळी चार-पाच सेकंदांपलीकडे पडद्यावर टिकत नव्हते. आणि मग वीज गेली.

मुले ओरडली. आम्हीही मनातून ओशाळलो. भिंतीवर त्या चित्राची एक छापील प्रत, वहीच्या दोन पानांएवढी, केवळ शोभेसाठी लावलेली होती. वेळ काढण्यासाठी एका मुलाने मोबाईलचा दिवा त्या प्रतीवर टाकला आणि तो हळूहळू फिरवू लागला. दिवा खाली गेला तसा तो म्हणाला, “सर, ह्याच्या पायातली वहाण निघालीये.” सगळी मुले जवळ आली. एक मुलगी म्हणाली, “दुसऱ्या पायातली तुटलीये.” नंतर कोणाला मुलाच्या डोक्यावरचे कापलेले केस दिसले, कोणाला कमरेची कट्यार दिसली. वीस मिनिटे ती मुले एका कागदापुढे उभी होती. वीज आल्यावर चित्रफीत पुढे चालवा असे कोणी म्हटले नाही.

त्या संध्याकाळी मुले शिकली, त्याहून अधिक आम्ही शिकलो. तेव्हापासून पुष्कळ चुका करीत जी पद्धत हाती आली तीच येथे मांडीत आहोत. तिचे सार एका वाक्यात असे : आधी चित्र, मग चित्रफीत, आणि पुन्हा चित्र.

१. आमचे काय चुकले?

पहिली चूक लांबीची. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणसंस्थेच्या चार अभ्यासक्रमांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या होत्या. पाहणाऱ्याचे लक्ष साधारण सहा मिनिटांपर्यंत टिकते, पुढे ते घसरत जाते, असे दिसून आले. हे विद्यार्थी स्वतःहून नाव नोंदवलेले होते. आपली मुले तर रविवारी आईने उठवून पाठवलेली असतात! तेव्हा आपण पाच मिनिटांची मर्यादा पाळावी हे बरे.

दुसरी चूक याहून मोठी. चित्रफीत ही आपल्या वेगाने चालते, आणि चित्र मात्र पाहणाऱ्याच्या वेगाने उलगडते. कॅमेरा चित्राच्या ज्या भागावर थांबेल तोच भाग आपण पाहतो. कॅमेऱ्याने आधी बापाचा चेहरा दाखवला तर चित्र दयेचे वाटते, आधी कोपऱ्यातल्या माणसाचा ताठ चेहरा दाखवला तर तेच चित्र रागाचे वाटते. १९७२ साली बीबीसीवर जॉन बर्जर या लेखकाची चित्रकलेविषयी चार भागांची मालिका झाली. खाली वाजणारे संगीत बदलले की वरच्या चित्राचा अर्थही बदलल्यासारखा वाटतो, हे त्यांनी त्या मालिकेतच करून दाखविले आणि प्रेक्षकांना आपल्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका असे सुचविले. त्याच मालिकेत त्यांनी काराव्हाज्जोचे अम्माऊस येथील भोजनाचे चित्र शाळेतल्या मुलांपुढे ठेवले. चित्रातल्या प्रभूला दाढी नाही. मधली ही व्यक्ती पुरुष की स्त्री, यावरच मुलांची चर्चा रंगली. मोठी माणसे जे पाहून न पाहिल्यासारखे करतात ते मुलांनी सरळ बोलून दाखविले. मुलांना पाहता येत नाही असे नव्हे. आपण त्यांना पाहण्यास वेळ देत नाही.

तिसरी चूक भाषेची. या विषयावरच्या चांगल्या चित्रफिती बहुतेक इंग्रजीत आहेत. स्मार्टहिस्टरी हा उपक्रम बेथ हॅरिस व स्टीव्हन झकर या दोघा कला-अभ्यासकांनी २००५ साली सुरू केला. त्यांच्या चित्रफितींत दोन माणसे चित्राविषयी आपसात बोलतात. पाठ केलेले भाषण नसते, एकाने काही दाखविले की दुसरा त्यात भर घालतो. शिक्षकाने तयारीसाठी अशी चित्रफीत अवश्य ऐकावी. वर्गात मात्र आवाज बंद करून केवळ दृश्य दाखवावे आणि चार वाक्ये आपल्या मराठीत सांगावीत. बेळगावच्या मुलाला, इंदूरच्या मुलाला, वडोदऱ्याच्या मुलाला शाळेत निरनिराळ्या भाषा असतात. संडेस्कूलची भाषा आपली आहे. ती परक्या निवेदकाच्या हाती कशाला द्यावी?

२. चित्रांचे आपल्याला वावडे का?

पुढे जाण्याआधी एका शंकेचा विचार करणे अवश्य आहे, कारण ती आमच्याच मंडळीतील एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हांला विचारली. “उपासनेच्या जागी चित्रे कशाला? दुसरी आज्ञा विसरलात काय?”

शंका प्रामाणिक होती आणि तिला इतिहासही आहे. १५२४ साली झुरिक शहरातील चर्चमधून झ्विंग्लीच्या शिकवणीप्रमाणे चित्रे व मूर्ती काढून टाकण्यात आल्या. १५६६ साली नेदरलँड्समध्ये चर्चमधील मूर्ती व चित्रे मोठ्या प्रमाणावर फोडली गेली. उलट ल्यूथरने शिकवणीसाठी चित्रे असण्यास हरकत घेतली नाही. तो ज्या व्हिटेनबर्गच्या नगरचर्चमध्ये उपदेश करीत असे, तेथे १५४७ साली क्रानाख या चित्रकाराच्या चित्रशाळेतून आलेली वेदीचित्रे बसविण्यात आली. म्हणजे सुधारणावाद्यांतच दोन मते होती.

दुसऱ्या आज्ञेचा रोख पाया पडण्यावर व सेवा करण्यावर आहे. त्याच निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेलाला सोने, रुपे, पितळ, रत्ने व लाकूड यांचे काम करण्याचे कौशल्य देवाच्या आत्म्याने दिल्याचे आपण वाचतो. रेम्ब्रांटच्या देशात रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या भिंती कोऱ्या झाल्या, पण चित्रकला मेली नाही. ती घरांत गेली. लोक भिंतीवर पवित्र शास्त्रातील प्रसंगांची चित्रे लावीत, ती नमस्कारासाठी नव्हेत, तर पाहण्यासाठी व विचारासाठी. आपला पाठही तसाच आहे. तरीही कोणाच्या विवेकाला टोचत असेल तर पाठ उपासनामंदिरात न घेता शाळेच्या खोलीत किंवा घरी घ्यावा. आम्ही तेच केले, आणि ते सभासद तिसऱ्या पाठाला स्वतः येऊन बसले.

खरे भय निराळेच आहे. आजचे मूल मोबाईलवर दिवसाकाठी शेकडो चित्रे अंगठ्याने सरकवते. त्याला चित्रांपुढे गुडघे टेकण्याची सवय लागण्यापेक्षा, एकाही चित्रापुढे क्षणभर न थांबण्याची सवय लागली आहे. ज्याला चित्रातल्या माणसाचे तुटके पायताण दिसत नाही त्याला दारातल्या माणसाचे दिसेल काय?

३. पाठाचा क्रम

आता रेम्ब्रांटच्या चित्रावरचा पूर्ण पाठ देतो. वेळ एक तास.

पहिली पायरी : चित्र (१५ मिनिटे). चित्राचे नाव व चित्रकाराचे नाव न सांगता चित्र पडद्यावर ठेवावे किंवा चांगली छापील प्रत लावावी. पहिली दोन मिनिटे कोणी बोलू नये. शिक्षकानेही! हे सर्वांत कठीण आहे. मग प्रश्न विचारावेत : येथे काय चालले आहे? ते तुला कशावरून वाटले? आणखी काय सापडते? प्रश्नांची ही रीत अबिगेल हाउसन व फिलिप येनावाइन या दोघांनी अमेरिकेतील संग्रहालयांच्या कामातून बसविली आणि ती पुष्कळ शाळांत वापरली जाते. दुसरा प्रश्न कधी गाळू नये. “तो दुःखी आहे” असे मूल म्हणाले की “कशावरून?” असे प्रेमाने विचारले म्हणजे त्याला पुन्हा चित्राकडे जावे लागते.

मुलांना काय दिसेल? गुडघे टेकलेला तरुण, त्याची पाठ आपल्याकडे, चेहरा जवळजवळ लपलेला. डोके भादरल्यासारखे. डावा पाय उघडा, तळवा मळलेला, उजव्या पायातील वहाण झिजून तुटलेली. अंगावर फाटके कपडे, पण कमरेला लहानशी कट्यार. वाकलेला म्हातारा बाप, खांद्यावर तांबडे वस्त्र, दोन्ही हात मुलाच्या पाठीवर. हे दोन हात नीट पाहिले तर सारखे नाहीत. एक रुंद व जड आहे, दुसरा अधिक नाजूक व हलका. उजवीकडे तांबड्या वस्त्रातला उंच, दाढीवाला माणूस, हात एकावर एक ठेवून काठीवर टेकलेले. तो वाकत नाही. मागे अंधारात आणखी काही माणसे.

दुसरी पायरी : चित्रफीत (५ मिनिटे). आता चित्राचा जवळून दर्शन घडविणारा भाग दाखवावा. चित्र खरोखर केवढे आहे, रंग कसा जाड थापला आहे, उजेड कोठून येतो, हे छापील प्रतीत कळत नाही. चित्रफीत आपल्या उपयोगाची होते ती येथेच. मध्ये दोन वेळा ती थांबवावी. थांबविण्याची जागा आधी घड्याळ लावून कागदावर लिहून ठेवावी.

तिसरी पायरी : माहिती (१० मिनिटे). शिक्षकाने थोडक्यात सांगावे. रेम्ब्रांटचा जन्म १६०६ साली लायडन येथे झाला व मृत्यू १६६९ साली ॲम्स्टरडॅम येथे. तरुणपणी त्याने नाव व पैसा दोन्ही मिळविले. पत्नी सास्किया १६४२ साली वारली. तिच्या चार मुलांपैकी टायटस हा एकच मोठा झाला. १६५६ साली रेम्ब्रांटचे दिवाळे निघाले आणि घर व संग्रह विकावा लागला. १६६८ साली टायटसही गेला. हे चित्र रेम्ब्रांटच्या अखेरच्या वर्षांतले आहे. १७६६ साली ते रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या संग्रहासाठी घेतले गेले व आज ते सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयात आहे.

चित्र सुमारे २६२ सेंटिमीटर उंच व २०५ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे साडेआठ फुटांहून उंच. मोठ्या पलंगाची चादर भिंतीवर उभी धरली की जवळपास तेवढे माप होते. आम्ही ती दोन मुलांना धरायला लावली. मग सांगितले की याच चित्रकाराने याच दृष्टांतावर १६३६ साली, म्हणजे तिशीत असताना, ताम्रपटावरून छापलेले एक लहान चित्र काढले होते, ते तळहाताहून थोडेसेच मोठे आहे. त्यात बाप पायऱ्या उतरून आलेला आहे, नोकर कपडे घेऊन येत आहेत, कोणी खिडकी उघडून पाहत आहे. सगळीकडे धावपळ. म्हातारपणीच्या चित्रात धावपळ नाही, सगळे स्थिर. मोबाईलच्या पडद्यावर ही दोन्ही चित्रे एकाच मापाची दिसतात. पडदा सांगत नाही ते चादरीने सांगितले.

चौथी पायरी : पुन्हा चित्र आणि वचन (२५ मिनिटे). आता लूकचा भाग मोठ्याने वाचावा आणि चित्र व वचन यांत काय सारखे, काय निराळे ते मुलांनी शोधावे. हा भाग सर्वांत मोलाचा आहे. वचनात बाप धावत जातो, चित्रात तो उभा आहे. वचनात अंगठी, झगा व पायतण आणविली जातात, चित्रात अजून काहीच आलेले नाही, तुटकी वहाणच पायात आहे. म्हणजे चित्रकाराने मेजवानीच्या आधीचा क्षण धरला आहे.

आणि थोरला भाऊ? बहुतेक अभ्यासक त्या उजवीकडच्या उंच माणसास थोरला भाऊ मानतात. एका मुलाने विचारले, “सर, हा आत कसा? लूकमध्ये तर तो आत यायला तयारच नाही.” आम्ही पुस्तक पुन्हा पाहिले. मुलाचे बरोबर होते. वचनात तो शेतातून येतो, घराबाहेर थबकतो, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि तो आत गेला की नाही हे सांगितलेलेच नाही. रेम्ब्रांटने त्याला जवळ आणून उभे केले, उजेडात घेतले, पण वाकविले नाही. पंधरा वर्षे आम्ही धाकट्याच्या परत येण्यावर उपदेश केला होता. थोरल्यापुढे आम्ही कधी थांबलो नव्हतो.

त्या दिवशी खोलीच्या दारात एक गृहस्थ उभे होते, मुलीला न्यायला आलेले. घराच्या वाटणीवरून त्यांचे व त्यांच्या धाकट्या भावाचे कित्येक वर्षे बोलणे नव्हते, दोघे उपासनेला येत पण दोन वेगळ्या दारांनी. मुलांचा प्रश्न चालू असता ते तेथेच उभे राहिले, हात बांधून. आम्ही त्यांच्याकडे पाहिले नाही, उपदेशाचे एक वाक्यही जोडले नाही. पाठ संपल्यावर मुले गेली. ते चित्राजवळ आले, बराच वेळ उजवीकडची बाजू पाहत राहिले, आणि काही न बोलता गेले. पुढचे आम्ही लिहीत नाही, कारण दृष्टांतानेही ते लिहिलेले नाही. एवढेच नमूद करतो की कोणी बोट दाखविले असते तर ते थांबले नसते.

४. फळ्यावरचे तीन रकाने

या पाठासाठी फळ्यावर तीन रकाने आखावेत : ‘दिसते’, ‘माहीत आहे’ आणि ‘वाटते’. मुलांनी सांगितलेली व चित्रफितीतून आलेली प्रत्येक गोष्ट यांपैकी एकात लिहावी.

बापाचे दोन हात सारखे नाहीत, हे ‘दिसते’ मध्ये जाईल. चित्र हर्मिटाजमध्ये आहे, हे ‘माहीत आहे’ मध्ये. एक हात बापाचा व एक आईचा, देव दोन्ही आहे, असे पुष्कळ चित्रफितींत सांगतात. ते ‘वाटते’ मध्ये लिहावे. विचार सुंदर आहे, त्यावर बोलण्यास हरकत नाही, पण चित्रकाराने तसे कोठे लिहून ठेवलेले नाही. तसेच, मुलगा टायटस गेल्याच्या दुःखात हे चित्र काढले, असेही ऐकू येते. चित्राचे नेमके वर्ष निश्चित नाही, तेव्हा हेही तिसऱ्याच रकान्यात.

लहान चित्रफितींचा हा खास दोष आहे. वेळ थोडा, म्हणून गोष्ट चटकदार करावी लागते. व्हॅन गॉगचे कावळे व गव्हाचे शेत हे चित्र त्याचे अगदी अखेरचे, असे सर्रास सांगितले जाते. ते जुलै १८९० मधले, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या महिन्यातले खरे. पण त्यानंतरही त्याने चित्रे काढली, असे अभ्यासकांचे मत आहे. ‘अखेरचे’ म्हटले की कावळे मृत्यूचे दूत दिसू लागतात, आणि मूल चित्र पाहण्याऐवजी गोष्ट पाहते.

ही तीन रकान्यांची सवय चित्रापुरती राहत नाही. मोबाईलवर आलेला मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी आमच्या तरुण संघातील एक मुलगी आता विचारते, “हे कोणत्या रकान्यात?”

५. चित्रकाराच्या जीवनावरील चित्रफीत

वर सांगितले ते एका चित्राविषयी. चित्रकाराची ओळख करून द्यावयाची असेल तर चित्रफीत अधिक उपयोगी पडते, कारण माणूस काम करताना दिसतो.

याचा उत्तम नमुना आपल्याच देशात आहे. सत्यजित राय यांनी १९७२ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘दि इनर आय’ हा सुमारे वीस मिनिटांचा माहितीपट केला. तो बिनोदबिहारी मुखर्जी (१९०४-१९८०) या चित्रकारावर आहे. राय १९४० साली शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकावयास गेले तेव्हा बिनोदबाबू तेथे शिक्षक होते. म्हणजे हा माहितीपट शिष्याने गुरूवर केलेला आहे. बिनोदबाबूंची दृष्टी लहानपणापासून फार अधू होती. तरीही १९४६-४७ मध्ये त्यांनी शांतिनिकेतनातील हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांच्या जीवनावरील विशाल भित्तिचित्र काढले. पुढे डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टी संपूर्ण गेली. त्यांनी काम थांबविले नाही. हाताच्या स्पर्शाने कागद कापून, चिकटवून, माती घडवून ते निर्मिती करीत राहिले.

हा माहितीपट दोन भागांत दाखवावा. त्याआधी मुलांचे डोळे रुमालाने बांधून प्रत्येकाच्या हाती कागद द्यावा आणि बोटांनी फाडून एक पक्षी करावयास सांगावे. मुले हसतील. माहितीपट पाहिल्यावर आपण केलेला तो कागद ती पुन्हा हाती घेतील, तेव्हा हसणार नाहीत.

मकबूल फिदा हुसेन यांचा ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा राजस्थानवरील लघुपट १९६७ साली बर्लिन महोत्सवात लघुपटांसाठीचे सुवर्ण अस्वल मिळवून गेला. त्यात चित्रकार स्वतःच कॅमेऱ्याने पाहतो. मोठ्या मुलांना तो दाखवून विचारावे : हा माणूस वस्तूंकडे आपल्यापेक्षा निराळे कसे पाहतो?

फिल्म्स डिव्हिजन २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले, परंतु त्याचे पुष्कळ माहितीपट आजही पाहावयास मिळतात.

६. आपल्या गावचे

रशियातील चित्र आपल्याला पडद्यावरच पाहावे लागणार. पण आपापल्या गावी जे आहे त्यासाठी चित्रफीत ही केवळ तयारी असावी, पाठ जागेवर व्हावा.

हैदराबादच्या मंडळ्यांना सालारजंग संग्रहालय जवळ आहे. तेथे इटालियन शिल्पकार बेन्झोनी याने घडविलेली रिबेकेची संगमरवरी मूर्ती आहे. इसहाकाला पाहून रिबेका चेहऱ्यावर आच्छादन घेते, तो उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायातील क्षण. दगडाच्या आच्छादनातून दगडाचाच चेहरा दिसतो. चित्रफितीत कॅमेरा मूर्तीभोवती फिरतो, पण तेथे मुलांना स्वतः फिरू द्यावे, आणि आधी तो अध्याय वाचलेला असावा. पाठ झाल्यावर सहलीचा डबा!

गोव्यातील वाचकांना आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) हे नाव आपले वाटेल. गोव्यातील सांतो इस्तेव्हांव येथे जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या सहवासात शिकला आणि पुढे पुण्यास क्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिला. स्वतः कॅथलिक, आश्रम अँग्लिकनांचा. त्याने मरियेला साडी नेसविली, शास्त्रातील माणसे आपल्या मातीवर, आपल्या पेहरावात उभी केली. त्या काळी पुष्कळांना ते रुचले नाही. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेत आहे. आपल्या मुलांना विचारून पाहा, येशूच्या आईची वस्त्रे कशी होती? बहुतेक मुले परदेशी नाताळकार्डावरचे वर्णन करतील. तेही चित्रकाराचे ‘वाटते’ होते, हे त्यांना फोन्सेकाच्या चित्राशेजारी ठेवल्यावर कळेल.

इंदूरच्या वाचकांनी नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यापासून आरंभ करावा. ते १९१० साली इंदुरात जन्मले, तेथेच देवळालीकर मास्तरांकडे शिकले, आणि पुढे वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कलाविभागात त्यांनी पिढ्या घडविल्या. म्हणजे वडोदऱ्याचीही सोय झाली. त्या शहरात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रेही आहेत. ज्याची छापील चित्रे आजीच्या भिंतीवर होती त्याच्या कुंचल्याचे काम मुलांना प्रत्यक्ष दाखवावे.

७. व्यवहाराच्या काही गोष्टी

चित्रफीत आदल्या दिवशी उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावी. आयत्या वेळी नेट मिळत नाही. ती स्वतः दोन वेळा संपूर्ण पाहावी, कारण मध्येच जाहिरात किंवा मुलांना न शोभेल असे दृश्य येऊ शकते. खिडक्यांना गडद पडदे नसतील तर सकाळी प्रोजेक्टर लावू नये, संध्याकाळ बरी. छापील प्रत नेहमी जवळ ठेवावी. वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि गेली तर वाईटच होते असेही नाही. एका पाठात एकच चित्र घ्यावे. दोन घेतली की एकही राहत नाही.

शेवटचे एक. वर्गात एखादे मूल गीतपुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने चित्रे काढीत असते. ज्या मुलीला रेम्ब्रांटच्या चित्रात दुसऱ्या पायातली तुटकी वहाण दिसली, तिलाच आम्ही वर्षापूर्वी त्याबद्दल सर्वांसमक्ष रागावलो होतो. पुस्तक खराब करू नये हे खरेच. पण रागावण्याबरोबर एक कोरी वही दिली असती तर ते अधिक ख्रिस्ती वागणे झाले असते. ती वही आम्ही नंतर दिली. उशिरा दिली, याचे आम्हांला वाईट वाटते.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या घरी भिंतीवर कोणते चित्र आहे? ते न पाहता त्याचे वर्णन लिहा, मग जाऊन ताडून पाहा. काय राहिले?

२. लूक १५ वाचा. रेम्ब्रांटने वचनातील कोणता क्षण निवडला? तुम्ही कोणता निवडला असता, व का?

३. थोरला भाऊ आत गेला असे तुम्हांला वाटते काय? हे तीनपैकी कोणत्या रकान्यात लिहाल?

४. एखादी पाच मिनिटांची चित्रफीत आवाज बंद करून पाहा आणि मग आवाजासह पाहा. आवाजाने काय दिले, आणि काय हिरावून घेतले?

५. आपल्या मंडळीत चित्रे काढणारे मूल कोणते? त्याला कोरी वही कोण देईल?